कार्डकाका आणि अर्धी माणसं

आमच्या शोध कार्यालयात ज्यांना सगळे कार्डकाका म्हणायचे, त्यांनी कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तेव्हा त्यांचं वय चव्वेचाळीस होतं. उशिरा लग्न झालेला माणूस जसं थोडं लाजत, थोडं मिरवत सांगतो, तसं ते हे सांगायचे. त्याआधी वीस वर्षं त्यांनी कार्डं चाळली होती.

कार्यालयाचं काम सांगायला सोपं होतं. ताटातूट झालेल्यांना त्यांची माणसं शोधून द्यायची. कुणी लढाईत दुरावलेलं, कुणी आगीत; पण निम्म्याहून जास्त अर्ज धरण फुटलं त्या वर्षाचे. तेव्हा एका सकाळीत पन्नासेक गावं रिकामी करावी लागली होती. समोर येईल त्या ट्रकमध्ये लोक चढले, आणि आई एका छावणीत, मूल दुसऱ्या छावणीत असं होऊन बसलं. छावण्यांच्या नोंदी, दवाखान्यांची रजिस्टरं, अनाथाश्रमांच्या वह्या, सगळं पहिल्या मजल्यावरच्या सात खोल्यांतल्या लाकडी खणांमध्ये कार्डांवर उतरवलेलं होतं. मी तिथे लागले तेव्हा कार्डं वापरातून गेली होती, पण खोल्या तशाच होत्या. दार उघडलं की जुन्या लाकडाचा आणि शाईचा वास यायचा. अजूनही कुठल्या जुन्या कपाटाचं दार उघडलं की मी क्षणभर त्या पहिल्या मजल्यावर जाऊन येते.

कार्डांची जागा डेटाबेसने घेणार असं ठरलं तेव्हा बहुतेक कारकुनांनी दुसरीकडे बदली मागून घेतली. काकांनी शिकवणी लावली, तीही घरात. काकू शाळेत भूमिती शिकवायच्या. त्यांनी नवऱ्याआधी स्वतः प्रोग्रामिंगचं पुस्तक वाचून काढलं आणि रोज सकाळी सहा ते आठ त्यांना शिकवलं. काका सांगायचे, "उत्तर चुकलं की मला उभं करायची. घरातल्या घरात. पायात चपला घालून तयार असायचो मी, आणि ही म्हणायची, प्रमेय लिहून झाल्याशिवाय ऑफिसला जायचं नाही."

मी लागले ती चाचणी विभागात. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. पहिल्या दिवशी काकांनी त्यांच्या शेजारची खुर्ची पुसून दिली. "म्हणजे तुम्ही आमच्या चुका काढणार. बसा ताई, काम कमी पडणार नाही." मी त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, तरी शेवटपर्यंत ताईच राहिले.

तेव्हा आमचा मोठा घोळ चालला होता. चाळीस लाख माणसं आणि त्यांच्यातली नाती, सोबती, शेजारी, एकाच ट्रकमधले, एकाच छावणीतले, हे सगळं साठ सर्व्हरवर वाटून ठेवलं होतं. प्रत्येक संबंधाची एक ओळ. हा माणूस, अमुक नातं, तो माणूस. शोध म्हणजे एका माणसापासून निघून संबंधांच्या धाग्याने दुसऱ्यापर्यंत पोचायचं. लहान गावातली माणसं पटकन सापडायची. पण नदीकाठच्या मोठ्या छावणीत साठ हजार लोक होते. शोध त्या छावणीला लागला, की सगळ्या सर्व्हरवरून त्या साठ हजारांच्या ओळी प्रश्न विचारणाऱ्या एकाच मशीनकडे धावत यायच्या. मशीनचा जीव गुदमरायचा. अकरा तास चालून शोध मध्येच बंद पडायचा, आणि अर्ज करणाऱ्याला आम्ही 'काम चालू आहे' असं पत्र पाठवायचो.

आमच्या प्रमुख मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. कुणी म्हणालं मोठं मशीन घ्या, कुणी म्हणालं छावणीच्या ओळी काढूनच टाका. काका शेवटी बोलले.

"कार्डांच्या वेळी आम्ही सातही खोल्यांतले खण उचलून एका टेबलावर नाही आणायचो. प्रत्येक खोलीत एक फिरता असायचा."

"फिरता म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"फिरता कारकून. त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची: वय चार ते सहा, मुलगा, मोठी बहीण हरवलेली. तो आपल्याच खोलीत खणामागून खण बघत जायचा आणि जुळणारी चार-पाच कार्डं तेवढी पाठवायचा. खोलीत हजारो कार्डं, बाहेर यायची चार."

अशा गोष्टीला त्या डेटाबेसात इटरेटर म्हणतात, हे सगळ्यांना माहीत होतं. सर्व्हरवरच राहणारा छोटा प्रोग्राम, जो ओळी क्रमाने वाचत जातो आणि नको त्या जागच्या जागी टाकून देतो. पण नात्यांच्या शोधासाठी तो कसा रचायचा याचा विचार कुणी केला नव्हता. काकांनी तीन महिने घेतले. एकावर एक तीन फिरते बसवले. पहिला वर्ष आणि वय बघून ओळी गाळणार. दुसरा एका माणसाच्या सगळ्या ओळी गोळा करून त्यांचा एक गोषवारा करणार. तिसरा त्या गोषवाऱ्यातून पुढच्या माणसाकडे जाणारा धागा तेवढा काढणार. नियम दोनच. फिरत्याने फक्त पुढे जायचं, मागे वळायचं नाही. आणि दुसऱ्याच्या खोलीत शिरायचं नाही. तिकडचं काही हवं असेल तर वर कळवायचं, वरून तिकडच्या फिरत्याला चिठ्ठी जाईल.

मोठ्या छावणीचा शोध पहिल्यांदा लावला तेव्हा आम्ही सगळे पडद्याभोवती उभे होतो. चार मिनिटांनी उत्तर आलं. दोन चुलत भाऊ, एक इथे, एक परदेशात. मॅडमनी टाळी वाजवायला हात वर केले आणि तसेच ठेवले, कारण काका टेबलावर डोकं टेकून बसले होते. त्या दिवशी ते चार वाजताच घरी गेले. काकूंना वाटलं ताप आला. त्यांनी थर्मामीटर लावला आणि मगच बोलू दिलं.

पुढचं वर्ष आमच्या कार्यालयाचं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. आता आठवलं की त्यातल्या सकाळी आठवतात. पत्रविभागातल्या बाई आदल्या दिवशी सापडलेल्यांची यादी फळ्यावर लिहायच्या, आणि आम्ही डबे ठेवायच्या आधी ती वाचायचो. कधी सहा, कधी अकरा. तेव्हा वाटायचं हे असंच चालत राहणार.

मग सर्व्हरच्या हॉलमध्ये छतातून पाणी गळायला लागलं. दुरुस्ती होईपर्यंत मशीनं आलटून पालटून बंद करावी लागायची. एकावरच्या ओळी दुसऱ्यावर हलवायच्या, परत आणायच्या. त्याच आठवड्यात पत्रविभागातल्या बाई कागद घेऊन आल्या.

"काका, एकच अर्ज. सोमवारी तुमचं यंत्र हो म्हणतं, बुधवारी नाही म्हणतं."

शेजारचा प्रोग्रामर म्हणाला, "नाव टाइप करताना चुकलं असेल."

"वीस वर्षं टाइप करतेय," बाई म्हणाल्या. "माझं नाही चुकलं."

काकांनी कागद घेतला. "बाईंचं चुकलेलं नाही. माझंच काहीतरी असणार."

दोन दिवस ते आणि मी तेच एक उत्तर उलटसुलट तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते अचानक उठले आणि पहिल्या मजल्यावर गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी खण ओढला, अकरा कार्डांचा एक गठ्ठा वेगळा केला आणि टेबलावर ओळीने मांडला.

"ताई, हा एक माणूस. अकरा कार्डं. माझा फिरता अकराही वाचतो, गोषवारा वर पाठवतो. आणि त्या गोषवाऱ्यावर क्रमांक कुठला टाकतो?"

"पहिल्या कार्डाचा," मी म्हणाले.

"बरोबर. आता नेमकं त्याच क्षणी सर्व्हर बंद केला. फिरता गेला. दुसऱ्या सर्व्हरवर नवा फिरता उभा राहिला. त्याला आधीचं काही आठवत नाही. त्याला एवढंच सांगितलं जातं की शेवटचा पाठवलेला क्रमांक हा, याच्या पुढून सुरू कर." त्यांनी पहिलं कार्ड बाजूला सरकवलं. "तो दुसऱ्या कार्डापासून सुरू करतो. त्याला वाटतं हा माणूस इथूनच सुरू होतो. त्याचाही गोषवारा करून पाठवतो, आणि तो आधीच्या पुऱ्या गोषवाऱ्यावर जाऊन बसतो. पुरा माणूस पुसला जातो, अर्धा राहतो."

मी त्या दहा कार्डांकडे बघत राहिले. पहिल्यावर नाव, वय आणि छावणीत त्या माणसाला विचारून लिहिलेलं सगळं होतं. तेवढंच गेलेलं.

"खोलीतून मध्येच उठावं लागलं तर खुणेची चिठ्ठी माणसाच्या शेवटच्या कार्डापाशी उभी ठेवायची," काका म्हणाले. "कामावर लागलो त्या पहिल्या दिवशी मला हे शिकवलं होतं. वीस वर्षं ठेवली मी चिठ्ठी. आणि इथे विसरलो."

दुरुस्ती एका ओळीची होती. गोषवाऱ्यावर शेवटच्या कार्डाचा क्रमांक टाकायचा, म्हणजे नवा फिरता पुढच्या माणसापासून सुरू करेल. ती ओळ त्यांनी मला लिहायला लावली आणि स्वतः तपासली. मग मागच्या वर्षभरातला प्रत्येक शोध पुन्हा लावला. सर्व्हर एरवीही अधूनमधून बंद पडायचे, ओळी हलायच्या. त्यामुळे हे पाणी गळण्याच्या आधीपासून होत होतं. दोनशे चौदा उत्तरं बदलली. ज्यांना आम्ही 'पत्ता लागत नाही' म्हणून कळवलं होतं, त्या दोनशे चौदा जणांचा धागा आमच्याकडे होता.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी पत्राचा मसुदा केला: 'नवीन माहिती उपलब्ध झाल्याने आपला शोध पुन्हा उघडण्यात येत आहे.'

काका म्हणाले, "माहिती नवी नाही. जुनीच आहे. चूक आमची आहे असं लिहा."

"काका, लोकांचा विश्वास उडेल."

"उडू दे. बाईंनी आणलेल्या अर्जाला आपण सोमवारी हो आणि बुधवारी नाही म्हणालो, तेव्हाच तो उडायला हवा होता."

बराच वेळ वाद झाला. शेवटी पत्रात एक वाक्य आलं: 'आमच्या प्रोग्राममधील चुकीमुळे ही नोंद आपल्याला कळवली गेली नाही.' काकांनी राजीनाम्याचा कागदही पुढे केला होता. मॅडमनी तो दुमडून स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "आधी दोनशे चौदा संपवा."

त्यांतली एक केस काकांनी पत्राने पाठवली नाही. शहरातच, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी कपडे शिवायच्या. धरण फुटलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या, भाऊ पाच वर्षांचा. त्यांनी एकोणीस वर्षं आमच्याकडे अर्ज केले होते. काका इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मला म्हणाले, "ताई, चला माझ्याबरोबर. मी काही गोलमाल बोलायला लागलो तर मला थांबवा."

आजींनी दार उघडलं आणि आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला. खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर अर्धवट बाही. काका बसले नाहीत.

"आजी, भावाचा पत्ता लागत नाही असं पत्र आम्ही तुम्हाला पाठवलं होतं. ते चूक होतं. नोंद आमच्याकडे होती. मी लिहिलेल्या प्रोग्राममुळे ती दिसली नाही."

"आता दिसली?"

"दिसली. रेल्वेने चार तासांवर राहायचा. घड्याळं दुरुस्त करायचा." काका थांबले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढचं सांगितलं. "पाच महिन्यांपूर्वी तो गेला. त्याची मुलगी आहे. पत्ता आणलाय."

आजी मशीनच्या स्टुलावर बसल्या. "तुमचं पत्र मला कधी आलं होतं?"

"नऊ महिन्यांपूर्वी."

"म्हणजे चार महिने होते."

"हो."

त्यांनी बाही उचलली, घडी घातली, पुन्हा उलगडली. "चहा ठेवणार होते," त्या म्हणाल्या. "आता नको. तुम्ही जा."

काकांनी पत्त्याचा कागद पुढे केला. आजींनी तो घेतला नाही. जिन्यात पहिल्या वळणावर काका पायरीवर बसले आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." मी खाली रस्त्यावर उभी राहिले. पाऊण तासाने ते आले.

पुढचे तीन आठवडे काका बाकीची पत्रं पाठवत होते. मी तेवढ्यात एक चाचणी लिहिली. प्रत्येक ओळ वाचून झाली की फिरत्याला मुद्दाम मारायचं, नवा उभा करायचा आणि शेवटी उत्तर तेच येतं का बघायचं. पहिल्याच खेपेला आणखी दोन चुका सापडल्या, एक काकांची आणि एक मी स्वतः आधी 'ठीक आहे' म्हणून सोडलेली. मी त्यांना ती दाखवली. ते म्हणाले, "वा, तुमचीपण," आणि कितीतरी दिवसांनी हसले. त्या चाचणीचं नाव आम्ही 'अर्धा माणूस' ठेवलं.

मग एका सकाळी आजी कार्यालयात आल्या. गळ्यातली मोजपट्टी काढायची विसरलेल्या.

"तो कागद द्या," त्या काकांना म्हणाल्या. "आणि चूक नक्की काय झाली ते मला दाखवा."

काका त्यांना वर कार्डांच्या खोलीत घेऊन गेले. भावाची कार्डं काढली, मांडली, मला सांगितलं होतं तसंच सांगितलं. आजींनी मध्ये दोनदा थांबवून विचारलं आणि समजून घेतलं. मग त्यांनी पहिलं कार्ड हातात घेतलं, जे हरवलं होतं ते. छावणीतल्या कुणीतरी घाईत लिहिलेलं: 'मुलगा, वय पाच. बहिणीचं नाव विचारता चिमटी असे सांगतो.'

आजी कार्ड डोळ्यांजवळ धरून उभ्या राहिल्या. "मी फार चिमटे काढायचे त्याला," त्या म्हणाल्या. "दुसरं नाव त्याला माहीतच नव्हतं माझं." त्या हसल्या, आणि हसता हसता खाली बसल्या. काका त्यांच्यासमोर उकिडवे बसले. दोघांपैकी कुणीच घाई केली नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "बाकीच्यांना कळवलंत?"

"कळवतोय. एकशे चाळीस झाली."

"सगळ्यांच्या घरी स्वतः जाऊ नका. मरून जाल." त्या जिना उतरल्या. माफ केलं असं त्या तेव्हा म्हणाल्या नाहीत, नंतरही नाही.

भाची पुढच्या शनिवारी आली. भेट आमच्याच खोलीत झाली, कारण आजींना घरात एकटीने भेटायची भीती वाटत होती. चाळिशीची बाई, दारात उभी राहून पर्सचा पट्टा ओढत होती. आजींनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा शर्ट कुणी शिवला? खांदा चुकलाय."

"तयार घेतलाय, आत्या."

'आत्या' ऐकल्यावर आजींनी मोजपट्टी काढली आणि भाचीच्या खांद्यांना लावली. "उतरते आहेत. माझ्या आईसारखे." आम्ही बाहेर गेलो. काचेतून दिसत होतं: भाची फोनमधले फोटो दाखवत होती आणि आजी प्रत्येक फोटोला 'थांब, थांब' म्हणत होत्या.

दोनशे चौदांपैकी एकशे नव्वद जणांची माणसं जिवंत सापडली. हे काकांनी कधी स्वतःहून सांगितलं नाही. कुणी विचारलं तर ते उरलेल्या चोवीसांचा आकडा सांगायचे. दोनशे चौदा संपल्यावर त्यांनी मॅडमकडे राजीनामा परत मागितला. मॅडम म्हणाल्या, पर्स बदलली, सापडत नाही. मग ते आणखी चार वर्षं राहिले. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी वरच्या खोलीत न्यायचे, हातात कार्डांचा गठ्ठा द्यायचे, आणि मध्येच त्याला हाक मारून उठवायचे. परत आल्यावर त्याला कुठून सुरू करायचं ते कळलं, तरच कॉम्प्युटर. काही जणांना हा विक्षिप्तपणा वाटायचा. त्यांतलेच काही आता मोठ्या जागांवर आहेत आणि हीच गोष्ट लोकांना सांगतात, असं ऐकते.

ते निवृत्त झाले त्या दिवशी भाषण नको म्हणाले. पत्रविभागातल्या बाईंनी फळ्यावर आदल्या दिवसाची यादी लिहिली होती, सात नावं. ती त्यांनी सावकाश वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग आम्ही दोघं चालत त्यांच्या घरी गेलो. काकू दारातच होत्या. "झाली शाळा?" त्यांनी विचारलं, आणि काका म्हणाले, "झाली."

मागच्या वर्षी आमचं कार्यालय एका मोठ्या संस्थेत मिसळलं. ओळी सगळ्या तिकडे गेल्या, तिकडे नवी पद्धत आहे, आमचे फिरते त्यांना लागले नाहीत. साठ सर्व्हर बंद करायचे होते. शेवटचा बंद करायला मी गेले होते, मुद्दाम. इतकी वर्षं त्या हॉलमध्ये पंख्यांच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय. आवाज थांबल्यावर मी आपल्याशीच काहीतरी बोलले ते फार मोठ्याने आलं. खिडकीतून ऊन आत आलेलं होतं. ती खिडकी मी आधी कधी पाहिलीच नव्हती, तिच्यासमोर मशीनं होती.

बाहेर येऊन काकांना फोन लावला. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, तेव्हा मी एकेक शब्द सुटा बोलले.

"सगळ्या ओळी नीट गेल्या का तिकडे?" त्यांनी विचारलं.

"गेल्या."

"मोजल्यात?"

"दोनदा."

"बरं केलंत." मला वाटलं आणखी काही म्हणतील, पण त्यांनी फोन काकूंकडे दिला. काकूंनी माझ्या मुलीच्या भूमितीची चौकशी केली आणि म्हणाल्या, "ये गं घरी. पण दुपारची नको येऊस. दुपारी हे झोपतात, आणि उठल्यावर झोपलो नव्हतो म्हणून भांडतात."